कॅलिफोर्नियात नवीन आलात? स्टेट पार्क कसं गाठायचं, पहिल्या चकरेपासून तंबूतल्या रात्रीपर्यंत

दर उन्हाळ्यात आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी नवीन इकडे येतं, घर मिळतं, गाडी येते, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला, योसेमिटीला कधी जायचं? जा ना, जरूर जा. पण बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातून, तिथे पोचायला चार तास लागतात, लाँग वीकेंडला तर विचारूच नका, आणि इकडे घरापासून तासाभरावर हजार-दीड हजार वर्षांची झाडं उभी आहेत हे बऱ्याच जणांना दोन-दोन वर्षं माहीतच नसतं. आम्हालाही नव्हतं. कोणी सांगितलंच नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतेय, जसं आम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं तसं.

आधी हे समजून घ्या की स्टेट पार्क म्हणजे काय

आपल्याकडे पार्क म्हटलं की संभाजी पार्क डोळ्यासमोर येतो. स्टेट पार्कला जायचंय म्हटल्यावर माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं, तिथे बसायला बाकडी असतात ना गं. बाकडी असतात, पण आजूबाजूला अख्खं जंगल असतं, कधी समुद्रकिनारा, कधी वाळवंट, कधी ओसाड पडलेलं सोन्याच्या खाणीचं गाव.

इथे जमिनीचे मालक वेगवेगळे असतात आणि नवीन माणसाचा सगळा गोंधळ तिथेच होतो. नॅशनल पार्क केंद्र सरकारचं, स्टेट पार्क राज्याचं, त्याखाली काउंटीची आणि शहरांची पार्कं. तुम्ही नॅशनल पार्कचा वार्षिक पास घेतला असेल तर तो स्टेट पार्कात चालत नाही, हे गेटवर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. गंमत म्हणजे दोन्ही अगदी चिकटून असू शकतात, म्हणजे म्यूर वूड्स केंद्राचं आणि त्याच्या भोवतालचं माउंट टॅमलपायस (सगळे नुसतं माउंट टॅम म्हणतात) राज्याचं, चालता चालता तुम्ही एकातून दुसऱ्यात जाता आणि नियम बदलतात.

आणि नावातच अर्धी माहिती असते, ती वाचायला शिका. नुसतं स्टेट पार्क असेल तर ट्रेल, पिकनिक, बऱ्याचदा कॅम्पिंग. स्टेट बीच म्हणजे किनारा. स्टेट हिस्टॉरिक पार्क म्हणजे जुनं गाव, किल्ला, मिशन (स्पॅनिश काळातलं चर्च) असं काहीतरी. स्टेट रिक्रिएशन एरिया म्हणजे बहुतेक करून धरणाचा तलाव, बोटी, पोहणं, मासेमारी, फॉल्सम लेक हे त्याचं उदाहरण. आणि स्टेट नॅचरल रिझर्व्ह दिसलं की समजायचं इथले नियम सगळ्यात कडक, पान-फूल-शिंपला काही उचलायचं नाही. ही सगळी मिळून जवळपास २८० ठिकाणं आहेत, त्यात ३४० मैलांच्या वर समुद्रकिनारा, १५,००० च्या आसपास कॅम्पसाइट आणि ५,००० मैलांहून जास्त ट्रेल. एका जन्मात होणार नाहीत.

हे सगळं आलं कुठून

हा भाग वगळून थेट बुकिंगकडे जाऊ नका, कारण हा माहीत असला की त्या झाडांखाली उभं राहताना वेगळंच वाटतं.

सुरुवात योसेमिटीपासूनच होते. ३० जून १८६४ ला, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकननी एका कायद्यावर सही केली आणि योसेमिटीची दरी आणि मॅरिपोसा ग्रोव्हमधली प्रचंड झाडं कॅलिफोर्निया राज्याला दिली, अट एवढीच की ती सगळ्या लोकांसाठी राखायची. म्हणजे योसेमिटी नॅशनल पार्क व्हायच्या आधी राज्याचं होतं, आणि १९०६ मध्ये ती दरी परत केंद्राकडे गेली. अर्थात त्याच्याही आधी तिथे अहवाह्नीची लोक राहत होते आणि १८५१ मध्ये हत्यारबंद तुकडी पाठवून त्यांना हाकललं होतं, हेही त्याच गोष्टीत आहे, ते सोडून बाकीचं सांगणं मला बरोबर वाटत नाही.

पण आजची जी व्यवस्था आहे तिची खरी गोष्ट एका फोटोग्राफरपासून सुरू होते. सॅन होजेचे अँड्र्यू हिल. १८९९ मध्ये ते फेल्टनजवळ रेडवूडच्या, म्हणजे इथल्या त्या उंचच उंच जुन्या झाडांचे, फोटो काढायला गेले, ती झाडं तेव्हा खाजगी मालकीची होती, आणि मालकाने त्यांच्याकडे काढलेल्या निगेटिव्ह मागितल्या. हिल भडकले. अशी झाडं एका माणसाच्या मालकीची असतातच कशी, ही लोकांची झाली पाहिजेत, असं त्यांच्या डोक्याने घेतलं. पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, ते आणि आणखी काही जण बिग बेसिनच्या जंगलात मुक्कामाला गेले आणि तिथे शेकोटीजवळ एक मंडळ काढलं, सेम्परव्हायरन्स क्लब, टोपी फिरवून वर्गणी गोळा केली ती ३२ डॉलर. बत्तीस! आणि दोन वर्षांत, १९०२ मध्ये, राज्याने ते जंगल विकत घेतलं. तेच बिग बेसिन, आज कॅलिफोर्नियाचं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. सुरुवातीला ३,८०० एकर होतं, आता १८,००० च्या वर आहे. आणि ज्या फेल्टनच्या झाडांवरून भांडण झालं ना, ती आता हेन्री काउल स्टेट पार्कात आहेत, मनसोक्त फोटो काढा, निगेटिव्ह कोणी मागत नाही.

पुढे प्रत्येक ठिकाणाचा वेगळा कारभार चालायचा. १९२७ मध्ये सगळ्यांसाठी एक कमिशन झालं आणि १९२८ मध्ये पार्कसाठी ६० लाख डॉलरचे रोखे काढायचे की नाही यावर राज्यभर मतदान झालं, लोकांनी भरघोस हो म्हटलं. अट अशी की जितके पैसे सरकार घालेल तितकेच देणगीतून यायला हवेत. कुठल्या जागा घ्यायच्या याची पाहणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड ज्युनियर यांनी केली, यांचे वडील म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार, आणि १८६४ च्या त्या कायद्यानंतर योसेमिटीसाठी जे पहिलं मंडळ नेमलं त्याचे प्रमुखही तेच होते. बापाने एक दरी सांभाळली, मुलाने अख्ख्या राज्याचा नकाशा केला. नंतर १९३० च्या दशकात, महामंदीत, बेकार तरुणांना कामाला लावून सरकारने पार्कांमध्ये रस्ते, भिंती, इमारती बांधून घेतल्या. माउंट डायब्लोच्या माथ्यावरची दगडी इमारत, माउंट टॅमवरचं दगडी पायऱ्यांचं खुलं थिएटर, हे त्यांच्या हातचं काम आहे, बसलात की दगडावर हात फिरवून बघा.

सगळं छान छानच झालं असंही नाही. २०११ मध्ये पैसे नाहीत म्हणून ७० पार्कं बंद करायचं जाहीर झालं होतं, तेव्हा गावोगावच्या संस्था आणि स्वयंसेवक पुढे आले म्हणून बहुतेक वाचली. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून वणवा लागला आणि बिग बेसिनचा ९७ टक्क्यांहून जास्त भाग जळाला, जुनं लाकडी हेडक्वार्टर राख झालं. आम्ही ते आगीच्या आधी पाहिलं होतं आणि २०२२ मध्ये मोजक्या लोकांसाठी परत उघडल्यावर पुन्हा गेलो. सगळे बुंधे कोळशासारखे काळे, आणि त्या काळ्या बुंध्यांवर खालपासून वरपर्यंत हिरवी पालवी, जणू झाडाने स्वेटर घातलाय. रेडवूडची साल फूटभर जाड असू शकते, आतून झाड जिवंत राहतं आणि नव्याने फुटतं. मुलगी म्हणाली, आई हे झाड मेलं नाहीये. मला काही बोलता आलं नाही तेव्हा.

पार्कं अजून बदलतायत. उत्तरेकडचं पॅट्रिक्स पॉइंट २०२१ मध्ये सू-मेग झालं, तिथल्या युरोक लोकांचं त्या जागेचं मूळ नाव. आणि २०२४ मध्ये मोडेस्टोजवळ दोस रिओस नावाचं नवं पार्क उघडलं, जुनी शेतजमीन परत नदीच्या पुराला मोकळी करून दिलेली. बऱ्याच वर्षांनी झालेलं नवं पार्क ते.

पायरी पहिली : ऋतू बघून जागा ठरवा

आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे जून. इथे उलटं, पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. जुलैत डोंगर सह्याद्रीसारखे हिरवे असतील असं समजून जाल तर पिवळं गवत आणि ३५-३८ डिग्री ऊन मिळेल. माउंट डायब्लो, हेन्री को ही आतली पार्कं फेब्रुवारी ते एप्रिल करा, हिरवळ असते, फुलं असतात. जुलै-ऑगस्टमध्ये किनारा आणि रेडवूड, तिथे धुकं असतं, गार असतं, आणि हो, जुलैतसुद्धा स्वेटर घ्या, भारतातून आलेल्या आई-बाबांना तर हे पटतच नाही, मग तिथे कुडकुडतात. ऑक्टोबर ते जानेवारी सांता क्रूझच्या नॅचरल ब्रिजेस बीचवर निलगिरीच्या झाडांना मोनार्क फुलपाखरांचे घोस लटकलेले असतात, काही वर्षी फार कमी येतात, पण पंधरा मिनिटांची सोपी वाट आहे, जाऊन बघायला काय हरकत. दक्षिणेला, सॅन डिएगोच्या बाजूला राहत असाल तर अँझा-बोरेगो, ६ लाख एकरांहून मोठं वाळवंट, राज्यातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क, हिवाळ्यात पाऊस बरा झाला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळूत फुलांचे गालिचे. उन्हाळ्यात तिथे चुकूनही जाऊ नका, उन्हाने माणसं मरतात तिथे.

आणि ठरवल्यावर त्या पार्कचं अधिकृत पान उघडून वर काही सूचना आहे का बघा. पूल वाहून गेला, ट्रेल बंद, वणव्याचा धोका, सगळं तिथे असतं. बिग सुरला जाताना हायवे १ कुठे बंद आहे का हे वेगळं तपासा, दरड कोसळून तो महिनोन्‌महिने बंद राहतो.

पायरी दुसरी : पैसे आणि पास

दिवसभरासाठी गेलात तर बहुतेक ठिकाणी माणशी नाही, गाडीमागे पैसे, साधारण १० डॉलरच्या आसपास, कुठे कमी कुठे जास्त. त्यामुळे दोन कुटुंबं एका मोठ्या गाडीत गेली तर परवडतं. गेटवर माणूस नसेल तर एक लोखंडी पेटी असते, शेजारी पाकिटं, त्यात पैसे घालून पाकीट पेटीत टाकायचं आणि त्याचा तुकडा गाडीच्या काचेवर ठेवायचा. सुटे पैसे ठेवा, रेंज नसेल तर फोनवरून काही होत नाही.

आता हे नीट वाचा, कारण आमच्या ओळखीत दहातल्या आठ जणांना माहीत नसतं. लायब्ररीत स्टेट पार्कचा पास मिळतो. पुस्तकासारखा. लायब्ररी कार्ड दाखवा, पास घरी न्या, २०० हून जास्त पार्कांमध्ये त्यावर गाडी फुकट आत जाते, परत आणून द्या. २०२२ पासून हे सुरू आहे. वेटिंग असतं, म्हणून आजच नाव लावा. कॅम्पिंगला तो चालत नाही, फक्त दिवसाच्या पार्किंगला. मूल चौथीत असेल तर त्याच्या नावाने वर्षभराचा फुकट पास काढता येतो, ठरावीक पार्कांत चालतो. महिन्यातून एकदा तरी जाणार असाल तर वार्षिक पास घ्या, पण कुठला पास कुठे चालतो याची यादी आधी बघा, दक्षिणेकडच्या काही बीचवर स्वस्तातला पास घेत नाहीत.

पायरी तिसरी : पहिली चक्कर सोपी ठेवा

पहिल्याच वेळी दहा मैलांचा ट्रेक लावू नका. राजगड-तोरणा केलेले लोकही इथे चुकतात, कारण वाटेत लिंबू-सरबतवाली मावशी नसते, पाण्याचं टाकं नसतं, आणि असलेलं ओढ्याचं पाणी प्यायचं नसतं.

माझी शिफारस हेन्री काउल. फेल्टनला, सॅन होजेहून तासाभराच्या आत. तिथली रेडवूड ग्रोव्ह वाट जेमतेम पाऊण मैलाची, पूर्ण सपाट, स्ट्रोलर जातो, व्हीलचेअर जाते, गुडघे दुखणारे आजी-आजोबा आरामात जातात, आणि झाडं म्हणाल तर सगळ्यात उंच २७० फुटांच्या वर, काही १,५०० वर्षांची. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वेळीही ती म्हातारीच होती. सकाळी नऊच्या आत पोचा, पार्किंगही मिळतं आणि शांतताही. तिथल्या व्हिजिटर सेंटरमध्ये जाऊन एक वाक्य बोला, आज इथे काय बघण्यासारखं आहे. तिथे बसलेले बहुतेक वेळा निवृत्त स्वयंसेवक असतात, इतक्या प्रेमाने सांगतात की विचारू नका. मुलं ७ ते १२ ची असतील तर ज्युनियर रेंजर या मुलांच्या कार्यक्रमाबद्दल विचारा.

पॉइंट लोबोसही असंच, कारमेलच्या जवळ, निळंशार पाणी, सील, वाकडीतिकडी सायप्रसची झाडं. पण रिझर्व्ह आहे, कुत्रा चालत नाही, आणि आतलं पार्किंग लवकर भरतं, मग गाड्या हायवेवर. तिथे व्हेलर्स केबिन म्हणून चिनी कोळ्यांनी १८५० च्या दशकात बांधलेलं घर आहे, छोटंसं, ते चुकवू नका.

बिग सुरला एका नावाने फार घोळ होतो म्हणून सांगते. फायफर बिग सुर स्टेट पार्क म्हणजे नदीकाठचं, कॅम्पिंगचं. ज्युलिया फायफर बर्न्स स्टेट पार्क म्हणजे तो फोटोतला मॅकवे धबधबा, ८० फूट, सरळ वाळूत पडणारा, तो लांबून बघायचा, खाली बीचवर जायला बंदी आहे. आणि फायफर बीच हे स्टेट पार्कच नाही, ते केंद्राच्या वनखात्याचं, पैसे वेगळे. आम्ही पहिल्या वेळी चुकीच्या फायफरला जाऊन तासभर धबधबा शोधत होतो.

पायरी चौथी : जिथे आधी ठरवून जावं लागतं

आन्यो नुएवो हे नाव लिहून ठेवा, सांता क्रूझच्या उत्तरेला समुद्रकाठचं पार्क. १५ डिसेंबर ते ३१ मार्च इथे एलिफंट सील विणीसाठी किनाऱ्यावर येतात, नर दोन-अडीच टनांचे, एकमेकांवर छाती आपटून भांडतात, तो आवाज पाऊण मैलावरून ऐकू येतो. शिकारीमुळे एके काळी हा प्राणी संपल्यात जमा होता, मेक्सिकोच्या एका बेटावर थोडेसे उरले होते, आणि तिथून वाढत वाढत इथपर्यंत आले, इथल्या किनाऱ्यावर पहिलं पिल्लू जन्मलं ते १९७५ मध्ये. विणीच्या काळात फक्त गाइडबरोबरच जाता येतं, तीन मैल, अडीच तास, वाळूत चालणं, पाऊस असला तरी. तिकिटं आधी काढावी लागतात आणि ख्रिसमसच्या सुट्टीची भराभर संपतात. छत्री चालत नाही, रेनकोट घ्या.

दुसरं एंजल आयलंड. सॅन फ्रान्सिस्को किंवा टिबुरॉनहून बोटीने जायचं, सायकली नेता येतात, माथ्यावरून अख्खी खाडी दिसते. पण आपल्यासाठी हे बेट त्याहून जास्त काहीतरी आहे. १९१० ते १९४० इथे इमिग्रेशन स्टेशन होतं, पॅसिफिककडून येणाऱ्यांना इथे अडकवून ठेवायचे, चिनी लोकांना आठवडे, महिने. त्यांनी लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. इमारत पाडायचं ठरलं होतं तेव्हा १९७० मध्ये एका रेंजरच्या नजरेला ती अक्षरं पडली म्हणून ती वाचली. भारतातून आलेलेही इथूनच गेलेत. पेशावरचे वैष्णो दास बगई १९१५ मध्ये बायको काला आणि तीन मुलांना घेऊन इथे उतरले, पुढे नागरिकत्व मिळालं, आणि भारतीय इथले नागरिक होऊ शकत नाहीत असा सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्ये निकाल दिल्यावर ते काढूनही घेतलं. आपण व्हिसाचे कागद सांभाळत इथे राहतो, त्या भिंतीसमोर उभं राहून बघा एकदा. परतीची शेवटची बोट किती वाजता ते मात्र उतरल्या उतरल्या बघून ठेवा.

लांबच्या सुट्टीसाठी बोडी, सिएराच्या पलीकडे ८,००० फुटांच्या वर, १८८० च्या सुमारास हजारो लोकांचं सोन्याचं गाव, आता ओसाड. १९६२ पासून राज्याकडे आहे आणि नियम असा की दुरुस्त करून नवं करायचं नाही, फक्त आणखी पडू द्यायचं नाही. खिडकीतून आत बघितलं की टेबलावर धूळ खात पडलेल्या वस्तू दिसतात. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, आत खायला काही मिळत नाही. मुलांना त्यापेक्षा कोलोमा आवडेल, जिथे २४ जानेवारी १८४८ ला सोनं सापडलं, तिथे तसराळ्यात वाळू घोळून सोनं शोधायला देतात.

पायरी पाचवी : कॅम्पसाइट मिळवणं

हीच सगळ्यात अवघड पायरी. बुकिंग रिझर्व्ह कॅलिफोर्नियाच्या वेबसाइटवर, साधारण सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. म्हणजे १८ जुलैची रात्र हवी तर १८ जानेवारीला सकाळी ७:५० ला लॉगिन करून, कार्ड सेव्ह करून, कुठली साइट हवी तिचा नंबर कागदावर लिहून बसायचं, तत्काळ तिकिटाला बसतो तसं. बीचवरची ठिकाणं दोन मिनिटांत जातात.

नाही मिळालं तर निराश होऊ नका, आमचे निम्मे कॅम्प दुसऱ्यांच्या कॅन्सल झालेल्या जागांवर झालेत. वेबसाइटवर सूचना लावून ठेवता येते, जागा सुटली की मेसेज येतो. रविवार ते गुरुवार जा, सप्टेंबरनंतर जा. आणि सुरुवातीला प्रसिद्ध जागांचा हट्ट सोडा. माउंट टॅमवरच्या समुद्राकाठच्या केबिन मिळणं म्हणजे नशीबच लागतं, त्यापेक्षा बुटॅनो, शुगरलोफ रिज, कॅलव्हेरस बिग ट्रीज ही छान आणि जरा सोपी. तंबूत झोपायची भीती वाटत असेल तर नापाजवळच्या बोथे पार्कात यर्ट आहेत, गोल कापडी घरं, आत पलंग.

एका साइटवर बहुतेक ठिकाणी ८ माणसं चालतात, मुलं धरून. आपल्याकडे आयत्या वेळी अजून एक कुटुंब येतं, तसं इथे नाही जमत, दुसरी गाडी आली की वेगळे पैसे, आणि चार-पाच कुटुंबं असाल तर ग्रुप साइट बुक करा. चेक-इन दुपारी २ ला, सोडायचं दुसऱ्या दिवशी १२ ला.

पायरी सहावी : तिथे पोचल्यावर

उजेडात पोचा. तंबू एकदा घराच्या हॉलमध्ये लावून बघितलेला असू द्या, अंधारात टॉर्च तोंडात धरून काठ्या जोडण्यात मजा नसते. नवीन सामान लगेच विकत घेऊ नका, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर विचारा, कोणाच्या ना कोणाच्या गॅरेजमध्ये तंबू पडलेला असतो. पैसे घालायचेच तर खालच्या गादीवर आणि स्लीपिंग बॅगवर घाला, थंडी जमिनीतून येते.

लाकडं घरून न्यायची नाहीत, तिथूनच किंवा जवळच्या दुकानातून घ्यायची, लाकडातून किडे आणि रोग एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. जमिनीवर पडलेल्या काटक्याही गोळा करायला बंदी आहे. शेकोटी फक्त दिलेल्या रिंगणात, आणि वणव्याच्या दिवसांत पूर्ण बंद असू शकते म्हणून गॅसचा छोटा स्टोव्ह ठेवा, त्यावर पोहे, मॅगी, चहा सगळं होतं. थालीपीठाचं पीठ घरून भिजवून न्या. दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस टिकतात, प्रवासाचं आपलं खाणं यासाठीच तर बनलंय. रात्री १० ते सकाळी ६ शांतता, म्हणजे गप्पा हळू आणि स्पीकर बंद, अंताक्षरी दहाच्या आत आटपा. रेंजर येऊन सांगतो, आणि हा रेंजर नुसता गाइड नसतो, त्याला पोलिसाचे अधिकार असतात, तर नीट ऐका. पण तोच रेंजर संध्याकाळी शेकोटीजवळ मुलांना घुबडांच्या गोष्टी सांगतो, तो कार्यक्रम फळ्यावर लिहिलेला असतो, चुकवू नका.

काळजी घ्यायच्या तीन-चार गोष्टी. पॉयझन ओक, तीन-तीन पानांचं झुडूप, शरदात लालभडक होतं आणि हात लावावासा वाटतो. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं आहे, बिब्बा उततो तसंच हे उततं, पूर्ण बाह्या आणि फुल पँट घाला, घरी आल्यावर साबणाने अंघोळ आणि कपडे लगेच धुवा. गवतातून आल्यावर मुलांच्या केसांत, कानामागे गोचिडी बघा. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका, उत्तर किनाऱ्यावर शांत समुद्रातून एकदम मोठी लाट येते आणि माणूस ओढून नेते, पाणी इतकं गार असतं की पट्टीच्या पोहणाऱ्याचे हातपाय चालत नाहीत. आणि फोनला रेंज नसणार हे धरूनच चला, नकाशा आधी डाउनलोड, कुठे चाललोय आणि कधी परत येणार हे घरी कोणालातरी सांगून.

पायरी शेवटची : निघताना

रेडवूडच्या पार्कांमध्ये तुम्हाला पाट्या दिसतील, एकही कण सांडू नका म्हणून. सुरुवातीला मला वाटलं स्वच्छतेसाठी असेल. तसं नाही. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी आहे, मासे समुद्रात पकडतो पण घरटं करतो मैलोन्‌मैल आत येऊन जुन्या रेडवूडच्या उंच फांदीवर, शेवाळात. तो घरटं कुठे करतो हेच कोणाला सापडत नव्हतं, ते उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा दिसलं १९७४ मध्ये, बिग बेसिनच्या कॅम्पग्राउंडमध्ये झाड छाटणाऱ्या एका कामगाराला, जवळपास दीडशे फुटांवर. वर्षाला एकच अंडं घालतो. आणि आपण खाली सांडलेलं फरसाण, चिवडा, बिस्किटाचा चुरा खायला 'जे' नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे येतात, तिथेच राहतात, त्यांची संख्या वाढते आणि तेच वर जाऊन ते एक अंडं खातात.

म्हणून कॅम्पवर चिवडा नेताना आम्ही आता तो डब्यातून थेट वाट्यांमध्ये देतो, टेबलावर जुनी चादर अंथरून, आणि सगळं अन्न, अगदी टूथपेस्टसुद्धा, साइटवरच्या लोखंडी कपाटात कडी लावून. निघायच्या आधी चादर गोळा करून गाडीत, मग मुलं टेबलाखाली वाकून एकेक शेव, शेंगदाणा वेचतात, शेकोटीत पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळायची, भांड्याचं खरकटं पाणी झाडाखाली नाही, दिलेल्या मोरीत. बारा वाजायच्या आत हे सगळं बसवायचं तर साडेदहाला आवरायला लागा.